तिसरा गिअर पडण्याआधी

घसरणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आधी कानाला कळतो, मग पायाला, आणि डोळ्यांना सगळ्यात शेवटी. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी नीट चाललेली असते. आता तिसरा पडणार, म्हणून नकळत कान टवकारलेले असतात, आणि नेमक्या त्या क्षणी इंजिनचा आवाज सर्रकन वर चढतो. गाडी मात्र त्या आवाजाच्या हिशेबाने पुढे जात नाही. एखाद-दोन सेकंद इंजिन एकटंच धावत सुटतं, आरपीएमचा काटा उगाच वर जाऊन येतो, आणि मग हलकासा हिसका बसून सगळं पुन्हा जुळतं. एवढंच. पण एकदा ऐकलं की ते कानातून जात नाही. रेडिओ लावला तरी त्याच्या मागे आपण तेच ऐकत बसतो.

माझी गाडी नव्वदच्या दशकातली, चार गिअरची साधी सेदान. मिशिगनच्या हिवाळ्यात इतकी वर्षं राबलेल्या कुठल्याही गाडीची कथा हीच झाली असती, म्हणून कंपनीचं नाव सांगत नाही. आम्ही यप्सिलँटीजवळ राहतो, डेट्रॉईटच्या पश्चिमेला. या भागात मराठी माणूस म्हटला की तो बहुधा गाड्यांच्याच धंद्यात असतो. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत पुढचा ब्रेकवाला निघतो, मागचा एअरबॅगवाला. मी त्यांतली नव्हे, मी ग्रंथालयात काम करते. रांगेत गाडीचा विषय काढला तेव्हा साऱ्या तज्ज्ञांनी वरणभात वाढून घेता घेता एकमुखाने सल्ला दिला: विकून टाका. संगणकावर गाडीचे अवयव रेखणाऱ्या या मंडळींपैकी कुणी स्वतःच्या गाडीचं बॉनेट शेवटचं कधी उघडलं, हे विचारायचं मी टाळलं.

सांगलीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री होते. क्लच प्लेट गेली की नाही हे पाहायची त्यांची रीत मला लहानपणापासून पाठ आहे. हँडब्रेक घट्ट ओढायचा, वरचा गिअर टाकायचा आणि थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर प्लेट शाबूत. ते खुशाल घरघरत राहिलं तर प्लेट गेली. मिनिटाभरात निकाल. इथे तो प्रयोग करायला क्लचचं पेडलच नाही. ऑटोमॅटिकमध्येही क्लच असतात, चांगले तीन-चार असतात, पण पोटात, तेलात बुडालेले. त्यांना दाबतं ते तेलच, आणि केव्हा दाबायचं हेही आपल्याला न विचारता ठरतं. आपल्या पायाला त्यातलं काहीच लागत नाही. मग उरतं ते ऐकणं आणि विचारणं.

विचारणारा माणूस मिळायला मात्र वेळ लागला. आधी ज्या दुकानात गेले तिथल्या पोराने गाडीची एक चक्कर मारली आणि पूर्ण गिअरबॉक्स बदलायचा आकडा कागदावर लिहून माझ्या हातात दिला. आकडा गाडीच्या किमतीहून मोठा होता. माझी कॉफी अजून गरम होती.

त्यानंतर ज्यांच्याकडे गेले ते गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. घरामागच्या शेडमध्ये फक्त गिअरबॉक्सची कामं करतात, तीही मनाला आली तर. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. हात पुसत पुसत विचारलं, “गार असताना घसरते की तापल्यावर?” गार असताना, सकाळी. “सगळ्या गिअरांत की एकाच?” दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना. “रिव्हर्स?” उशिरा पडतो, पण पडला की धरतो. आणि मग त्यांनी जे विचारलं ते मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं: “सरळ रस्त्यावर जास्त, की वळणावर?”

उत्तर मला येत होतं, फक्त त्याचा काही अर्थ असेल असं वाटलं नव्हतं. हायवेला चढायच्या त्या गोल रॅम्पवर. तिथे हमखास.

त्यांनी मान डोलावली. पुढे बाकावर बसून त्यांनी एकेका प्रश्नाची उकल करून सांगितली ती मला इतकी आवडली की गाडीची काळजीच मी थोडा वेळ विसरले. क्लचमागची रबरी सीलं वयाने कडक होतात, थंडीत आक्रसतात, त्यांच्या कडेने दाब निसटतो. तेल तापलं की ती मऊ पडतात आणि गाडी शहाण्यासारखी वागू लागते. याच्या नेमकं उलट झिजलेल्या पंपाचं. गार, दाट तेलावर तो कसाबसा निभावतो, तेल तापून पातळ झालं की त्याचा दाब उतरतो. घसरण सगळ्याच गिअरांत असेल तर दोष सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टीत शोधायचा, म्हणजे पंप, फिल्टर, तेलाची पातळी. एकाच गिअरात असेल तर त्या गिअरच्या क्लचात. आणि रिव्हर्स हा तिसऱ्याचा साक्षीदार. जनरल मोटर्सच्या जुन्या टर्बो-हायड्रामॅटिक 350 मध्ये तिसऱ्यासाठी आणि रिव्हर्ससाठी दाबला जाणारा एक क्लच सामाईकच होता. तिसरा घसरत असेल तर रिव्हर्स टाकून बघायचा, दोघांची साक्ष जुळते का ते पाहायचं. गिअरबॉक्स न उघडता त्याच्या आत हिंडायची ही रीत. माझ्या गाडीची मांडणी वेगळी होती, पण त्यांच्याकडे प्रत्येक गिअरबॉक्सचा तक्ता होता, कुठल्या गिअरला कोण दाबला जातो आणि कोण सुटा राहतो याचा, तेलकट बोटांच्या ठशांनी भरलेला.

स्टॉल टेस्ट करायची का, असं मी विचारलं. कुठेतरी वाचलं होतं. ब्रेक पूर्ण दाबून, गाडी डीमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर तळाला न्यायचा आणि इंजिन किती आरपीएमवर जाऊन अडतं ते बघायचं. ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं तर आत कुणीतरी सुटतंय. “पाच सेकंदांच्या वर नाही,” ते म्हणाले, “आणि तुमच्या गाडीवर पाच सेकंदही नाही.” इंजिनची सगळी ताकद जागच्या जागी तेल तापवण्यात जाते, आणि आजारी गिअरबॉक्सचा आजार या चाचणीनेच पुरा होतो, असं त्यांचं मत.

याच बोलण्यात ते सहज म्हणून गेले, “तशी ती कारखान्यातून निघाली त्या दिवसापासून घसरतेच आहे.”

हे वाक्य मी घरी घेऊन गेले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जो टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात गाडी निघताना इंजिनचा चाकांशी धातूला धातू असा संबंधच नसतो. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवावेत, एक चालू करावा आणि त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागावीत, तसा हा कारभार. फक्त वाऱ्याच्या जागी तेल. मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चाक परतणाऱ्या तेलाला असं वळवतं की निघताना गाडीला इंजिनच्या जोराच्या दुपटीपर्यंत जोर मिळतो. पण दुसरा पंखा पहिल्याच्या वेगाला आपणहून कधीच पुरता गाठत नाही. थोडा मागे राहतो. तो मागे राहतो म्हणूनच सिग्नलला इंजिन बंद न पडता गाडी ब्रेकवर उभी राहते, आणि ब्रेक सोडला की कुणी ढकलल्यासारखी हळूच पुढे सरते. म्हणजे ज्याला आपण रोग म्हणून शोधत हिंडतो तोच या यंत्राचा स्वभाव आहे. किती घसरायचं आणि कुठे, याच्या ठरलेल्या सीमा आहेत, इतकंच.

ही युक्ती मुळात गाडीसाठी नव्हतीच. हेरमान फोटिंगर नावाचा जर्मन इंजिनिअर स्टेटिनच्या जहाजकारखान्यात होता. वाफेचं टर्बाइन फार वेगाने फिरे आणि जहाजाच्या पंख्याला तेवढा वेग चालत नसे. दोघांमध्ये दातेरी चाकं घालण्याऐवजी त्याने द्रव घातला. हे पेटंट 1905 चं. मोटारीत ही द्रवाची जोडणी रुळली ती अमेरिकेत. जनरल मोटर्सने 1939 मध्ये ओल्ड्समोबिलच्या 1940 च्या मॉडेलसाठी हायड्रा-मॅटिक आणला, आणि मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तो. पण माझा जीव जडला तो ब्यूकच्या 1948 च्या डायनाफ्लोवर. डीमध्ये टाकला की त्यात गिअर बदलायचेच नाहीत. सगळा भार कन्व्हर्टरवर. इंजिन आधी निघायचं, गाडी सावकाश त्याच्या मागून यायची. हिसका नाही, खटका नाही. लोकांनी त्याला डायनास्लश म्हणून चिडवलं, म्हणजे गाळ-बर्फाच्या लगद्यातून चालल्यासारखा. आज अशी गाडी कुणी मेकॅनिककडे नेली तर तो पहिल्याच चकरीत गिअरबॉक्स बदलायचा आकडा लिहून देईल. पॅकार्डने 1949 च्या अल्ट्रामॅटिकमध्ये ठरावीक वेगानंतर दोन्ही पंखे एकत्र बांधून टाकणारा क्लच घातला होता. तो सरसकट सगळीकडे आला मात्र 1973 च्या तेलसंकटानंतर, पेट्रोल वाचवायला हवं झालं तेव्हा. सीमा या अशा बदलत गेल्या.

शेडमधले ते गृहस्थ नोकरीला विलो रनमध्ये होते. यप्सिलँटीच्या बाजूलाच तो अवाढव्य कारखाना; दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तिथे बी-24 बॉम्बर बांधले, ऐन भरात तासाला एक. दक्षिणेतून, केंटकीतून माणसं त्या कामाला आली, त्यांत यांचे वडील. युद्धानंतर तिथे काही वर्षं दुसऱ्याच कंपनीच्या मोटारी झाल्या. मग 12 ऑगस्ट 1953 ला लिव्होनियातला जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिकचा कारखाना जळून खाक झाला. वेल्डिंगवाल्यांच्या टॉर्चची ठिणगी तेलाच्या तसराळ्यात पडली म्हणतात. गिअरबॉक्स बनायचेच थांबले. कॅडिलॅकसारख्या गाडीला काही महिने ब्यूकचा डायनाफ्लो लावून विकायची वेळ आली, हे मला फार गमतीचं वाटतं. जनरल मोटर्सने विलो रन घेतला आणि काही आठवड्यांत उत्पादन सुरू केलं. पुढची सत्तावन्न वर्षं तिथे गिअरबॉक्स झाले. 2010 मध्ये तो बंद पडला. यावर गृहस्थ फारसं बोलत नाहीत, मीही खोदून विचारत नाही.

ते बोलतात तेलावर. गिअरबॉक्समधलं तेल नुसतं वंगण नसतं, त्याचं काम दुहेरी आणि वरवर पाहता विसंगत. दात्यांना त्याने निसरडं ठेवायचं, आणि क्लचच्या चकत्यांना मात्र एकमेकींना धरू द्यायचं. तेही एकदम नाही. क्षणभर सरकत, मग घट्ट. एकदम धरलं तर मान हिसडते, उशिरा धरलं तर चकती जळते. हा जो क्षणभराचा गुळगुळीत सरकपणा, तो साधायला 1970 च्या आसपासपर्यंत या तेलात स्पर्म व्हेलचं तेल घालत. त्या तेलाचे रेणू धातूला चिकटून राहतात आणि तापूनही लवकर बिघडत नाहीत. महासागरात खोल बुडी मारणाऱ्या त्या प्राण्याच्या डोक्यातलं तेल, कुठल्याच समुद्राचा किनारा नसलेल्या मिशिगनमध्ये, मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या गाडीत दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना कामी येत होतं. 1970 मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेल धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातला, ते तेल मिळेनासं झालं, आणि रसायनवाल्यांना पर्याय शोधावे लागले. सुरुवातीच्या बदली तेलांनी काही गाड्यांचे ऑइल कूलर गंजवले, असं हे गृहस्थ सांगतात.

आता माझ्या गाडीचं तेल. सपाट जागेवर गाडी उभी, इंजिन तापलेलं आणि चालू, पार्कमध्ये. डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घातली. तेल खालच्या खुणेच्याही खाली. टोकाचा थेंब त्यांनी पांढऱ्या कागदावर टिपला आणि आम्ही दोघं तो पसरताना पाहत राहिलो. मध्यभागी विटकरी डाग, भोवती फिकट गुलाबी कडं रुंदावत गेलेलं. नवं तेल डाळिंबी असतं. पाणी शिरलं असतं तर ते दुधाळ गुलाबी दिसलं असतं, म्हणजे रेडिएटरमधला कूलर फुटला. कडं उमटलंच नसतं आणि नुसता काळा डाग बसला असता तर आशा सोडायची. त्यांनी कागद नाकाशी नेला, मग माझ्या पुढे केला. करपल्याचा वास होता, पण उग्र नाही. “थोडं जळलंय,” ते म्हणाले, “सगळं नाही.”

पातळी कमी असली की वळणावर तेल एका बाजूला जातं, फिल्टरचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून क्लच हातचा सुटतो. थंडीत तेल आक्रसून पातळी आणखी उतरते. सकाळ, गोल रॅम्प, उशिरा पडणारा रिव्हर्स: सगळं एका धाग्यात आलं. प्रश्न उरला, तेल गेलं कुठे? घरासमोर डाग नव्हता, कारण ते निथळत नव्हतं, इंजिन चालू असताना दाबाखाली उडत होतं. शेडबाहेरच्या ताज्या बर्फावर गाडी दहा मिनिटं चालू ठेवली. पुढच्या बंपरखाली गुलाबी ठिपके उमटले.

गिअरबॉक्सपासून रेडिएटरकडे जाणारी पोलादी नळी जिथे क्लॅम्पने धरलेली असते तिथे मिठाचा चिखल अडकून राहतो, आणि तिथेच ती गंजून झिरपत होती. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला इथे हिवाळाभर मीठ टाकतात. हे मीठ बाहेरून आणावं लागत नाही. डेट्रॉईट शहराच्या खाली, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे; विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली. सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला, त्याचे थर खाली राहिले. वर मोटारी बनवणारं शहर आणि खाली मोटारी खाणारं मीठ. कुणी मुद्दाम रचलेलं नाही, पण माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सवर दोन समुद्रांची मालकी आहे असं वाटायला लागलं.

गंजका तुकडा कापून त्यांनी निकेल-तांब्याची नळी जोडली. ती गंजत नाही. मग खालचं पॅन उतरवलं. पॅनमधल्या लोहचुंबकावर राखाडी मऊ चिखल होता. तो बोटाने सारवून ते म्हणाले, हा असणारच, ही झीज वयाची. पण चिखलात काळे कणही होते. त्यांनी फडताळातून एक चकती काढून माझ्या हातात दिली, दुसऱ्या कुणाच्या गाडीतली. ऑटोमॅटिकच्या क्लचवरचं अस्तर कागदाचं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. खरंच कागद, राळेत भिजवून भाजलेला, एक मिलिमीटरही जाड नाही, पोलादी कड्यावर डकवलेला. ही चकती काळी, तकतकीत, कडेने पापुद्रे सुटलेली. तिच्या शेजारी बसणारी पोलादी चकती तापून निळसर झालेली. पुस्तकांमध्ये आयुष्य गेलेल्या बाईच्या गाडीतही अखेर कागदच गाडी ओढत होता. मी ती उन्हात धरून बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

आता तेल बदलायचं की नाही? यावर इथल्या गॅरेजांत भांडणं होतात. जुन्या घसरत्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो मरतो, अशी एक ठाम समजूत आहे. जुन्या तेलातल्या कणांनीच म्हणे पकड राहते. माझं मत विचाराल तर बहुतेक लोक गिअरबॉक्स मरायला टेकला की मगच तेल बदलतात आणि मग खापर तेलावर फोडतात. तसंही पॅन उतरवलं तरी अर्ध्याहून जास्त तेल कन्व्हर्टरमध्येच राहतं. आम्ही फिल्टर बदलला आणि जेवढं निघालं तेवढं नवं घातलं. तिसऱ्याचा क्लच थोडा झिजला आहे तो झिजलेलाच राहणार. कडाक्याच्या सकाळी, पहिल्या चढावर, तिसऱ्याआधी इंजिन अजूनही किंचित वर जातं. गिअरबॉक्स उघडू नका, असं गृहस्थ म्हणाले. स्वतःचं गिऱ्हाईक घालवणारा सल्ला होता तो.

हल्लीच्या पुष्कळ गाड्यांना गिअरबॉक्सची डिपस्टिकच नसते. तेल आयुष्यभराचं आहे म्हणे. कुणाच्या आयुष्यभराचं ते सांगत नाहीत. पातळी बघायची तर गाडी लिफ्टवर घ्या, तेल ठरावीक तापमानाला आणा, बूच उघडा. म्हणजे कुणी बघत नाही. याचा मला राग येतो आणि तो जात नाही.

माझा भाचा यंदा अॅन आर्बरला शिकायला आला आहे. त्याला गाडी हवी, माझ्याकडे ही आहे. सांगलीत मॅन्युअल चालवून आलेला मुलगा. पहिल्या सिग्नलवरून निघताना त्याने माझ्याकडे वळून पाहिलं.

“मावशी, ही घसरतेय बघ. आवाज आधी, गाडी मागून.”

“नाही रे, ती अशीच निघते. सगळ्याच निघतात.”

पुढे चढ लागला. गार सकाळ होती. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन जरासं वर गेलं आणि परत बसलं.

“ही. आत्ता झाली ती.”

“कुठली?” तो म्हणाला. “मला तर काहीच कळलं नाही.”

“कळेल. आधी ऑइल बघायला शिक. घरी पोचलास की इंजिन बंद करू नकोस.”